‘ताबा सुटला’च्या पुढची बातमी

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने’. तो का सुटला, तिथंच का सुटला, मागच्या दिवाळीत त्याच फाट्यावर आणखी कुणाचा सुटला होता का, यातलं काही बातमीत येत नाही. पंचनाम्यातही क्वचितच येतं. गेवराई, माजलगाव, मानवत, अहमदपूर, लोहा, उमरगा ही सगळी महामार्गाच्या काठाला धरून वाढलेली तालुक्याची गावं. अशा गावात अपघात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. दोन-चार ठरावीक तुकडे असतात, ठरावीक वेळा असतात आणि ठरावीक हंगाम असतात. म्हणून ‘यंदा किती वाढले’ या प्रश्नापेक्षा ‘कुठं आणि किती वाजता’ हा प्रश्न जास्त कामाचा.

देशाचा आकडा मोठा असल्यामुळे त्यातून कल दिसतो. २०२२ साली ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि २०२३ मध्ये मृतांची संख्या १ लाख ७२ हजारांच्या वर गेली. २०२२ च्या मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून जास्त लोक दुचाकीवरचे होते, १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे होते आणि साधारण ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५ हजारांवर माणसं गेली. तालुक्याचं मात्र तसं नसतं. समजा एका ठाण्याच्या हद्दीत वर्षाला सरासरी ९ मृत्यू होतात. रस्त्यात काडीचाही बदल न करता एखाद्या वर्षी ६ होतील, एखाद्या वर्षी १२. सरासरीचं वर्गमूळ काढलं तर साधारण तेवढी वर-खाली हालचाल निव्वळ योगायोगाची धरावी लागते. त्यामुळे ‘सुरक्षा सप्ताहामुळे मृत्यू तिसऱ्या हिश्शानं घटले’ असं भाषणात ऐकलं की टाळ्या जरा जपून वाजवाव्यात. तीन किंवा पाच वर्षांची बेरीज धरली तरच काही कळतं.

सरकारी ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही तीनच वर्षांवर बेतलेली आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले तर तो तुकडा यादीत येतो. म्हणजे ज्या फाट्यावर ४ अपघात झाले तो यादीबाहेर. शिवाय ज्या अपघातात माणूस खरचटून उठला, गाडी ढकलत गॅरेजला नेली आणि तक्रार केलीच नाही, तो कुठंच मोजला जात नाही. तोच अपघात पुढच्या मोठ्या अपघाताची आगाऊ सूचना असतो. चौफुलीवरच्या चहावाल्याला आणि पंक्चरवाल्याला असे डझनभर अपघात पाठ असतात.

गावानं स्वतःची यादी करायची तर साधी वही पुरते. तारीख, वार, वेळ, किलोमीटरचा दगड किंवा जवळची पक्की खूण, कोणती वाहनं, कोण कुठून कुठं चाललं होतं, धडक समोरून की मागून की बाजूनं, दिवे होते का, रस्ता ओला होता का, हेल्मेट होतं का. ठाण्याकडून गुन्हा क्रमांकासह माहिती मिळते. १ जुलै २०२४ नंतरचे मृत्यूचे गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आणि बेदरकार चालवण्याचे कलम २८१ खाली शोधायचे. त्याआधीचे भारतीय दंड विधानाच्या ३०४-अ आणि २७९ खाली. दोन ठिकाणी मोजणी चुकते. एक म्हणजे जखमीला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला किंवा नांदेडला हलवलं आणि तो चार दिवसांनी गेला, तर गावाच्या आठवणीत तो ‘जखमी’च राहतो. अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूतच धरला जातो, हे लक्षात ठेवून दवाखान्यातून पडताळा घ्यावा. दुसरं म्हणजे ई-डार या अपघात-नोंदीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत पोलिस मोबाइलवरून जागेची नोंद करतात. ती जागेवर न भरता ठाण्यात बसून भरली, तर नकाशावर अपघात ठाण्याच्याच दारात झालेला दिसतो.

मग प्रत्येक तुकड्याचा एक कागद घ्यावा, रस्ता हातानं काढावा आणि एकेक अपघात बाणांनी मांडावा. पाच-सहा बाण झाले की कागदच बोलायला लागतो. काटकोनातले बाण एका ठिकाणी जमले तर जोडरस्त्यावरून येणाऱ्याला महामार्ग दिसत नाही. रात्रीचे मागून धडकलेले बाण जमले तर तिथं बिनदिव्याचं काहीतरी उभं राहतं. एकेकट्या गाड्या वळणाबाहेर गेलेल्या असतील तर फलक, वळणाचा उतार किंवा साइडपट्टीत खोट आहे. आणि बसस्थानकासमोर पायी माणसं लागलेली असतील, तर लोक जिथून रस्ता ओलांडतात तिथं दुभाजकाला वाट नाही आणि वाट आहे तिथून कुणी ओलांडत नाही.

फाट्याचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर साधारण १४-१५ मीटर लांब असतो. चौपदरी रस्त्याची एक बाजू ओलांडायला त्याला अजून ८-९ मीटर जावं लागतं. भरल्या ट्रॉल्यांनिशी जागेवरून निघताना त्याचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शेवटचं चाक रस्त्याबाहेर पडायला १०-११ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० नं येणारी कार २४० मीटर येते. म्हणून ट्रॅक्टरवाल्याला किमान अडीचशे मीटरपर्यंतचा रस्ता मोकळा दिसायला हवा. प्रत्यक्षात कडेला वेडी बाभूळ, वाढदिवसाचा फ्लेक्स आणि रसवंतीचं छप्पर. दुभाजकाची रुंदी चार-पाच मीटर असेल तर मध्येच थांबलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली जलद लेनमध्येच राहते. इथला पहिला उपाय सगळ्यात स्वस्त आहे: झुडपं तोडणं आणि फ्लेक्स काढणं. दुसरा, गतिरोधक महामार्गावर न घालता जोडरस्त्यावर घालणं, म्हणजे येणारा आधी थांबतो. तिसरा, हॉटेल आणि पेट्रोल पंपासाठी फोडलेले दुभाजक बुजवणं. हा सगळ्यात अवघड, कारण दुभाजक कुणी फोडला हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

गतिरोधकाचं आपल्याकडे वेगळंच शास्त्र झालंय. अपघात होतो, रास्ता रोको होतो आणि तिसऱ्या दिवशी रातोरात सिमेंटचा एक उंचवटा उभा राहतो. फूटभर रुंद, वीतभर उंच, ना रंग ना फलक. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच हवा. ताशी २५ च्या वेगानं तो झटका न बसता ओलांडता येतो. अरुंद उंचवट्यावर दोन्ही चाकं एकापाठोपाठ आदळतात, मोटारसायकलचा मागचा भाग उडतो आणि एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई मागे पडते. तिच्या डोक्यावर हेल्मेट नसतं आणि हातात बहुतेकदा लेकरू असतं. जीव वाचवायला घातलेला गतिरोधक असा स्वतःच अपघाताची जागा होतो. फलक ४० मीटर आधी लागतो, काळे-पांढरे पट्टे लागतात आणि जवळ दिव्याचा खांब लागतो. पट्ट्यांचा रंग एका पावसाळ्यात उडतो, म्हणून रंगकामाची मागणी दर दिवाळीआधी नव्यानं करावी लागते.

साइडपट्टी हा आपल्या काळ्या मातीचा खास प्रश्न. उन्हाळ्यात माती आकसते, भेगाळते आणि पावसात धुऊन जाते. सिमेंट रस्त्याची कड तेवढी राहते, कधी १५-२० सेंटिमीटर उंच. समोरच्या ट्रकला जागा देताना दुचाकी खाली उतरते. चालवणारा घाबरून लगेच हँडल वळवतो, चाक कडेला घासतं आणि गाडी आडवी होते. कारचंही तसंच. चाक वर चढत नाही म्हणून स्टेअरिंग जास्त वळतं, मग एकदम चढतं आणि गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. पंचनाम्यात लिहिलं जातं, ताबा सुटला. खाली उतरल्यावर ब्रेक दाबू नये, हँडल सरळ धरून वेग उतरू द्यावा आणि कड सपाट असेल तिथून वर यावं. साइडपट्टीत मुरूम नुसता टाकून चालत नाही. पाणी मारून रोलरनं दाबून रस्त्याच्या पातळीला आणावा लागतो, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बिलासकट वाहून जातो.

आता हंगाम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं आणि अर्धा रस्ता खळं होतो. सोयाबीनचा दाणा गोल असतो, त्यावर दुचाकीचं चाक छर्ऱ्यांवर फिरल्यासारखं सरकतं. त्याहून वाईट म्हणजे कडेला मांडलेले दगड. पीक उचलून नेतात, दगड तिथंच राहतात आणि ते रात्री कुणाला तरी सापडतात. ग्रामपंचायतीनं मळणीच्या महिन्यापुरतं शाळेचं मैदान किंवा बाजारतळ मोकळा करून दिला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. शेतकऱ्याला दोष देत बसण्यात अर्थ नाही. ओलं सोयाबीन घरात ठेवलं तर त्याला बुरा येतो.

त्यानंतर ऊस, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. उसाची वाढं ट्रॉलीच्या मागे लोंबतात आणि दिवा असला तरी झाकतात. डिपरवर मोटारसायकलचा कामाचा उजेड ३०-४० मीटरपर्यंत पडतो. ताशी ६० च्या वेगात भानावर यायला दीड सेकंद धरला तरी २५ मीटर जातात, वर ब्रेक लागून थांबायला आणखी २३-२४. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा थांबायची जागा संपलेली असते. ४० च्या वेगात हाच हिशेब २७ मीटरवर भागतो. परावर्तक पट्टी ५० मिलिमीटर रुंदीची, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. पण पट्टी ट्रॉलीच्या फळीला लावून उपयोग नाही, ती उसाखाली जाते. मोठं परावर्तक कापड भरलेल्या उसावरून मागे बांधायचं, बैलगाडीला आणि अंगदलाही (ट्रॅक्टरमागची छोटी ऊसगाडी). हे तपासायची खरी जागा महामार्ग नव्हे, कारखान्याचा वजनकाटा आहे. कापड नसलेल्या गाडीचा काटा करायचा नाही, असं कारखान्यानं ठरवलं तर आठ दिवसांत एकही गाडी बिनकापडाची राहणार नाही. बंद पडलेली ट्रॉली सोडून जाताना मागे टेकवलेला दगड किंवा बाभळीची फांदी रात्री दिसत नाही. निदान ५० मीटर मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा. आणि ट्रॉली निघाल्यावर चाकाखालचा दगड उचलावा, हे तर सांगायलाही नको होतं.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघूनच घ्यावं. हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवावा; न लावलेल्या पट्ट्याचं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजावं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि बांधायचा पट्टा बंधनकारक आहे आणि वेगाची मर्यादा ४० आहे. गावात हे हेल्मेट मिळणारं दुकान सापडलं तर इतरांनाही पत्ता सांगा.

अपघात झाल्यावर १०८ ला फोन करताना गावाचं नाव पुरत नाही. रस्ता, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे, किलोमीटरचा दगड आणि किती जखमी, एवढं सांगावं. वाहतं रक्त स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न उघडता दाबून धरावं. पाणी पाजू नये. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर जखमीला हलवू नये, उठवून बसवू तर अजिबात नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मुळे मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार जखमीला नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैशाविना मिळतात, त्यामुळे दवाखान्यात या योजनेचा उल्लेख आधीच करावा.

वहीचा कागद तयार झाला की अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करावा, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. प्रत पोलिस अधीक्षकांना आणि रस्ता ज्यांचा आहे त्यांना द्यावी: राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद की नगर परिषद. हे आधी नक्की केलं नाही तर अर्ज सहा महिने टेबलं फिरतो. एका अर्जात एकच जागा आणि एकच मागणी असावी. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहू नये; ‘अमुक फाट्यापासून दोन्ही बाजूंना २५० मीटर झुडपं तोडावीत’ असं लिहावं.

काम झाल्यावर फरक पडला का, हे मृत्यूंच्या आकड्यावरून तीन वर्षं तरी कळणार नाही. त्यासाठी वेग मोजावा. रस्त्याच्या कडेला टेपनं ५० मीटर मोजून दोन खुणा करायच्या आणि मोबाइलच्या घड्याळावर एकेका गाडीची वेळ घ्यायची. ३ सेकंद लागले तर ताशी ६०, साडेचार लागले तर ४०, ६ लागले तर ३०. कामाआधी १०० गाड्या आणि कामानंतर १०० गाड्या, दोन्ही वेळेला वार तोच आणि वेळ तीच. आठवडी बाजाराचा दिवस सोडून, कारण त्या दिवशी कुणालाच ६० नं जाता येत नाही.