तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीची पेडल्स कुठे आहेत?

गणेशोत्सवातला किंवा नाट्यगृहातला कार्यक्रम संपून वायरी गुंडाळायला घेतल्या की दोनचार तरुण मुले रंगमंचाच्या कडेशी येतात, माझ्या पायाशी असलेल्या दोन पेडलांकडे (पायाने चालू-बंद करायच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांकडे) पाहतात आणि विचारतात, “सर, बाकीची पेडल्स कुठे आहेत?” एक गिटार, एक ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखरीतपणा देणारे पेडल), एक डिले (प्रतिध्वनी देणारे पेडल) आणि आयोजकांनी भाड्याने आणलेला अँप, म्हणजे गिटारचा ध्वनिवर्धक, एवढ्यावर हा आवाज निघतो कसा, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. सामान आवरण्याच्या घाईत मी आजवर तुटक उत्तरे देऊन वेळ मारून नेली आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझ्याकडेही एकेकाळी आठ पेडल्स होती. खोलीचे दार लावून, संध्याकाळच्या संध्याकाळ घालवून मी जुळवलेला आवाज मला अतिशय आवडत असे: भरदार बेस (खालचे स्वर), चकचकीत ट्रेबल (वरचे स्वर), मिड (मधले स्वर) जवळजवळ शून्यावर, गेन (आवाज फाटवणारी वाढ) भरपूर आणि वर रिव्हर्बची, म्हणजे घुमाऱ्याची, जाड साय. तोच आवाज घेऊन मी एका मोठ्या मंडपात वाजवले. भावाने पंधराव्या रांगेतून मोबाइलवर केलेले चित्रण दुसऱ्या दिवशी पाहिले, तेव्हा माझ्या सोलोच्या जागी ढोलक, बेस गिटार आणि दोन कीबोर्ड स्वच्छ ऐकू येत होते आणि मी मात्र डोळे मिटून, मान डोलावत, अत्यंत तल्लीनतेने मूकाभिनय करीत होतो. आमच्या कीबोर्डवादकाने ते पाहून “काल तू आला होतास का रे?” एवढेच विचारले.

याचे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. खोलीत हळू वाजवताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवून ती उणीव भरून काढतो, आणि तीच जुळवणी मंडपात मोठ्या आवाजात वाजली की बेस घुमतो व ट्रेबल टोचतो. शिवाय तिथे आपण एकटे नसतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडल्यास ८२ हर्ट्झच्या (सेकंदाला ८२ कंपनांच्या) आसपास वाजते, पण त्या भागात बेस गिटार, ढोलक आणि ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरचा किक ड्रम आधीच ठाण मांडून बसलेले असतात, आणि वरच्या टोकाला झांजांची किणकिण असते. गिटारला हक्काचे घर उरते ते साधारण ५०० ते २,००० हर्ट्झच्या पट्टीत, आणि मी नेमके तेच घर रिकामे करून ठेवले होते. (त्यात राहायला आलेला कीबोर्डवरचा व्हायोलिनचा ताफा पुढे कित्येक महिने हलला नाही, तो भाग वेगळा.)

तेव्हापासून साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, मी आधी बेस उतरवतो आणि मिड वाढवतो. असा आवाज एकटा ऐकताना थोडा नाकातून आल्यासारखा, काहीसा रुक्ष वाटतो, आणि नवीन वादक इथेच घाबरून जुन्या जुळवणीकडे परततात. परंतु गाणे सुरू झाले की तोच आवाज गायकाच्या पाठीमागून, कोणालाही धक्का न देता वाट काढतो. माझे ओव्हरड्राइव्ह ट्यूब स्क्रीमर या नावाजलेल्या पेडलाच्या घराण्यातले आहे. त्याच्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर कमी वाढवले जातात आणि मधला भाग पुढे येतो, त्यामुळे माझे अर्धे काम ते पेडलच करून टाकते. त्याचा गेन मी घड्याळातल्या नऊच्या पुढे सहसा नेत नाही, कारण गेन वाढला की प्रत्येक सूर सारख्याच जोराचा होतो, नखीचा आघात हरवतो आणि मॉनिटरसमोर (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) उभे राहिल्यावर शिट्टी वाजू लागते ती निराळीच.

मात्र माझे सर्वांत उपयोगी पेडल गिटारवरच बसवलेले आहे, आणि ते म्हणजे तिची व्हॉल्यूमची कळ. ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून मी ही कळ सहावर आणतो, तेव्हा गायकाच्या मागची साथ जवळजवळ स्वच्छ वाजते. आठवर आणली की किंचित खर येतो, आणि दहावर सोलो. पायाने चार पेडल्स दाबून जे साधते ते इथे करंगळीने साधते, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या असंख्य छटाही मिळतात. यात अडचण एकच: कळ खाली आणताना ट्रेबलही नाहीसा होतो. कारण पिकअप (तारांची कंपने टिपणारा गिटारचा भाग) आणि केबल यांच्या मधला रोध आता वाढलेला असतो, आणि केबल स्वतः एका मीटरला साधारण १०० पिकोफॅराड क्षमतेच्या कपॅसिटरसारखी (विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी) वागून वरचे स्वर गिळू लागते. यावर उपाय म्हणून व्हॉल्यूमच्या पॉटवर (कळीखालच्या फिरत्या रोधावर) एक छोटा कपॅसिटर सोल्डर करून घेता येतो, ज्यातून ट्रेबल परस्पर पुढे जातो. मी तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून किरकोळ पैशांत आणला, आणि माझ्या आवाजात त्याने जितका फरक पाडला तितका एकाही महाग पेडलने पाडला नाही. केबलही मी सहा मीटरच्या वर वापरत नाही. प्रेक्षकांत उतरून वाजवण्याची हौस असलेल्यांनी दुसरा सल्लागार शोधावा.

अँप बहुतेक वेळा आपल्या निवडीचा नसतोच. भाड्याच्या सामानात अनेकदा रोलँडचा जेसी-१२० येतो: १९७५ साली बाजारात आलेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा, १२ इंची दोन स्पीकरांचा, अतिशय स्वच्छ आवाजाचा अँप. तो स्वतःहून गोडवा देत नाही, पण पेडलचा आवाज इमानदारीने पुढे पाठवतो, आणि मला तेवढे पुरते. अँप मी खुर्चीवर ठेवतो किंवा मागे कलता करतो. स्पीकरमधला ट्रेबल अरुंद झोतासारखा सरळ जातो. अँप जमिनीवर असला तर तो झोत वादकाच्या गुडघ्यांपाशी संपतो, मग वादक ट्रेबल वाढवत राहतो आणि त्याची शिक्षा पहिल्या रांगेतले पाहुणे भोगतात. मोठ्या वॅटचा आग्रहही व्यर्थ आहे, कारण ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे हे साउंडवाल्या दादांचे काम आहे. मी त्यांना इतकेच विनवतो की माइक स्पीकरच्या ऐन मध्यावर न रोखता मधली टोपी आणि कागदाचा पडदा जुळतात त्या कडेवर, जाळीपासून दोन बोटांवर लावावा. मध्यावर तो कर्कश ऐकतो, फार बाहेर नेला तर मंद.

अँपच नसेल तर ओव्हरड्राइव्ह थेट मिक्सरला जोडू नये. गिटारचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरचा बराचसा भाग आपोआप गाळतो; ती गाळणी निघून गेली की पोळे उठल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी स्पीकरची नक्कल करणारी एक डबी पिशवीतून बाहेर निघते.

गुणगुण हा मंडपांचा जुना रोग आहे. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचा, पिकअप विजेची ५० हर्ट्झची कुरकूर आणि दिव्यांच्या डिमरची चरचर दोन्ही उचलतो. ती टाळण्यासाठी सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिब्सन या गिटार कंपनीत हमबकर हा दोन वेटोळ्यांचा पिकअप बनवला, आणि मंडपात मी तोच असलेली गिटार नेतो. पण अर्थिंग बिघडलेले असेल तर हमबकरही हतबल होतो. जनरेटरवर चालणाऱ्या एका कार्यक्रमात कोरस गाताना ओठ माइकला लागले आणि असा झटका बसला की पुढचे कडवे बाकीच्यांनीच म्हटले. तेव्हापासून मी टेस्टरने आधी गिटारच्या तारा आणि मग माइकची जाळी तपासतो, आणि दिवा लागला तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गिटारला हात लावत नाही. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

बाकीची पेडल्स माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी आहेत. त्यांतली दोन विकायची आहेत.