बेल्ट ग्राइंडर बांधणी: बेअरिंग हाउसिंग आणि सर्कलिप

शाफ्ट टर्न झाला, हाउसिंगचं (बेअरिंग बसतं त्या घराचं) बोअरिंगही झालं. आता दोन ६२०४ बेअरिंग (२० × ४७ × १४ मिमी) जागेवर धरायची आहेत. ड्राइव्ह व्हीलकडचं बेअरिंग हाउसिंगचा खांदा (आतली पायरी) आणि ४७ ची आतली सर्कलिप (बोअरच्या खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) यांच्यामध्ये पक्कं केलं. पुलीकडच्या बेअरिंगला हाउसिंगमध्ये मुद्दाम सर्कलिप नाही. शाफ्ट गरम होऊन लांबला की त्या टोकाला सरकायला जागा हवी, नाहीतर सगळा ताण बॉलवर येतो. शाफ्टवर मात्र दोन्हीकडे २० च्या बाहेरच्या (शाफ्टवर चढणाऱ्या) सर्कलिप आहेत.

खरं काम सर्कलिप बसते त्या खाचेचं आहे. डीआयएन ४७२ या जर्मन मानकाप्रमाणे (मापं मिमीमध्ये) ४७ च्या बोअरला खाचेचा व्यास ४९.५, रुंदी १.८५, सर्कलिपची जाडी १.७५. शाफ्टला डीआयएन ४७१ प्रमाणे खाचेचा व्यास १९.०, रुंदी १.३, सर्कलिप १.२. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल घासून नेमक्या रुंदीचं केलं आणि त्याचे कोपरे तीक्ष्ण ठेवले. तळाचा कोपरा गोल राहिला तर सर्कलिप पूर्ण खाली बसत नाही आणि जोर आला की वर चढून निसटते. खाचेच्या काठाचा बर (कापताना उरलेली धार) काढा, पण तिथे चॅम्फर (तिरका काप) मारू नका. भार घेणारी भिंत तेवढी कमी होते. खाचेपासून हाउसिंगच्या तोंडापर्यंत किमान ३.८ मिमी धातू ठेवा.

पक्कड १९ ते ६० मिमी मापाची, टोकं १.८ मिमी. सर्कलिपच्या कानांची (दोन्ही टोकांवरच्या रुंद भागांची) भोकं २० ला २.० आणि ४७ ला २.५ मिमी असतात, म्हणून हीच टोकं दोन्हीकडे चालतात. त्याहून बारीक टोकं भोकात तिरपी होतात आणि सर्कलिप गोळीसारखी सुटते. गॉगल लावूनच काम करा. नाशिकच्या टापरियाची पक्कड या कामाला पुरते. आतली आणि बाहेरची अशा दोन वेगळ्या घ्या.

सर्कलिप सर्वांत जास्त बिघडते ती गरजेपेक्षा जास्त फाकवल्याने. मोकळ्या २० च्या सर्कलिपचा आतला व्यास सुमारे १८.५ असतो, म्हणजे खाचेपेक्षा लहान, म्हणूनच ती आवळून बसते. व्हर्नियरने १९ किंवा जास्त दिसला तर ती टाकून द्या. यावर उत्तम उपाय म्हणजे लेथवर केलेला शंकू: नाकाशी १८, मागे २०.१ मिमी. तो शाफ्टच्या टोकाला टेकवायचा आणि पाइपच्या तुकड्याने सर्कलिप ढकलायची. शाफ्टवर जायला लागतं त्यापेक्षा ती जास्त उघडतच नाही.

प्रेसमधून कापलेल्या सर्कलिपची एक कड गोलसर, दुसरी तीक्ष्ण असते. गोलसर बाजू बेअरिंगकडे ठेवा, म्हणजे तीक्ष्ण कड खाचेच्या भिंतीवर टेकते. बसवल्यावर बारीक स्क्रूड्रायव्हरने कानाला ढकलून थोडी फिरवून पाहा. किंचित अडत फिरली तर ठीक. एखादा भाग वर दिसला तर खाचेत चिप अडकली आहे.

काढताना गंजलेली सर्कलिप ओढू नका. आधी गंज सोडवणारं तेल सोडा, मग बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) ड्रिफ्टने (बोथट दांड्याने) हलकं ठोकून ते खांद्याकडे सरकवा. सर्कलिपवरचा दाब सुटला आणि ती फिरू लागली, की मगच पक्कड लावा. कान तुटला असेल तर त्या टोकामागे स्क्राइबर (टोकदार सळई) घालून ते आत दाबा आणि खाली पातळ पट्टी सारा. मग पट्टी पुढे सरकवत नेली की बाकीची सर्कलिप बाहेर येते.