ओझर ते सांबरे: 477 की 462?

आईला बेळगावला ताईकडे न्यायचं होतं. रात्रभराची ट्रॅव्हल्स आता तिच्या कंबरेला झेपत नाही. तेव्हा नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून बेळगावला थेट विमान होतं, 50 सीटचं एम्ब्राएर. आईचा पहिला प्रश्न, "अरे, लांब किती आहे आणि हवेत किती वेळ?"

सोपं वाटलं होतं. नेटवर बघितलं तर एका ठिकाणी 477 किलोमीटर, दुसरीकडे 462. मग हट्टाला पेटलो. कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे मांडले. ओझर 20.12 अक्षांशावर, बेळगावचा सांबरे विमानतळ 15.86 वर. फरक 4.26 अंश. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, झाले 473. रेखांशातला फरक जेमतेम 0.71, आपल्या पट्ट्यात तो अंश 106 किलोमीटरचा, म्हणजे 75. शाळेतला पायथागोरस लावला आणि उत्तर 479. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आपल्याकडे अक्षांशाचा अंश 111 पेक्षा जरा कमी भरतो, हे धरता 477 बरोबर.

मग 462 कुठून आले? बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला. नाशिकला धावपट्ट्या दोन! त्या पानाने गांधीनगरची धरली होती. तिथे लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, प्रवासी विमान येत नाही. नकाशावर 'नाशिक विमानतळ' शोधून रिक्षा करणाऱ्यांनीही हे बघून घ्यावं. आपलं टर्मिनल जानोरीला, हायवेवरच्या 'दहावा मैल' फाट्यावरून आत.

वेळेचंही तसंच. ताशी 800 ने भागलं तर 36 मिनिटं. तिकिटावर मात्र पूर्ण एक तास. कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरण्याआधी वेग कमी करणं, सगळं त्यात आलं. मी घड्याळ लावलं होतं. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत 46 मिनिटं.

पण खरा हिशोब घरापासूनचा. इंदिरानगरहून साडेनऊला निघालो. द्वारका, आडगाव नाका, मग हायवे. ओझरला आईची द्राक्षांची पेटी काट्यावर चढली आणि सामान 15 किलोच्या वर गेलं. मनुक्यांचे दोन पुडे काढून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कोंबले. द्राक्षं सोडायला ती तयार नव्हती. बाराचं विमान एकला सांबऱ्याला, सामान हातात यायला वीस मिनिटं, टिळकवाडीत ताईच्या दारात दोनला दहा कमी. म्हणजे चार तास वीस मिनिटं. पुण्यावरून रस्त्याने साडेपाचशे किलोमीटर, दहा तास तरी जातातच.

ताईने विचारलं, "कसं वाटलं गं आई विमान?"

"बसलं नाही तोच उतरा म्हणाले. ती पेटी आधी उघड, खालची द्राक्षं दबली असतील."