‘घेतली, हे आधी सांग’

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी व्यवसायातील अनुभव लिहून पाठवावेत, असे समितीचे पत्र आले आणि ते वाचता वाचता मला बाईंची आठवण झाली. वकील म्हणून आणि ख्रिस्ती माणूस म्हणून मी आज जसा वागतो, त्याची घडण बाईंच्या हातून झाली आहे. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण आपले नाव छापून यावे हे त्यांना कधीही रुचले नाही. ज्यांना त्यांनी शिकवले, त्यांना ते सांगावेही लागणार नाही.

आम्ही आठवीत असताना वसतिगृहातील एका मुलाची कंपासपेटी नाहीशी झाली आणि ती नव्याने दाखल झालेल्या एका मुलाच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. हा मुलगा नवापूर तालुक्यातल्या पाड्यावरचा. त्याला घरची मावची तेवढी येत असे, मराठीत विचारले की तो खाली मान घालून उभा राही. मुलांनी त्याला चोर ठरवून टाकलेच होते. बाईंनी मात्र त्याला बाकावर बसवले आणि मला म्हणाल्या, “तुला त्याची बोली येते ना? मग त्याच्या वतीने तू बोल.” मी त्याला बाहेर नेऊन सगळे विचारून घेतले. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तो कोरून काढण्यासाठी त्याने कर्कटक घेतले, तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली म्हणून पेटी आपल्याजवळ ठेवली आणि पुढे परत करण्याची त्याला भीती वाटली. मी वर्गात येऊन मोठ्या आवेशाने “बाई, तो चोर नाही” अशी सुरुवात केली, तेव्हा बाईंनी मला थांबवले.

“पेटी त्याने घेतली का?”

“घेतली.”

“मग घेतली, हे आधी सांग. का घेतली, ते त्यानंतर सांग.”

माझे सांगणे पूर्ण झाल्यावर त्यांनी गरम पाणी मागवले, चष्मा सावरून त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि आत राहिलेले काट्याचे टोक सुईने काढले. पेटी ज्याची होती त्याचेही म्हणणे त्यांनी तितक्याच शांतपणे ऐकले. न विचारता वस्तू घेतल्याबद्दल त्या मुलाने क्षमा मागितली आणि चोर म्हटल्याबद्दल इतरांनी त्याची. त्या संध्याकाळी बाईंनी नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातील वचन वाचले: पहिल्याने बोलणारा खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याला प्रश्न विचारतो तोवरच. उलटतपासणीचे महत्त्व मला पुढे विधी महाविद्यालयात शिकवले गेले, पण ते मला कळले होते आमच्या वर्गातच.

मंडळीतले लोक मला अनेकदा विचारतात की, ख्रिस्ती माणसाने आरोपीची बाजू का घ्यावी. वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे आरोपी दोषी आहे असे वकिलाला वैयक्तिकरीत्या वाटत असले, तरी त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. आणि माझ्या श्रद्धेलाही ते पूर्णपणे मान्य आहे, कारण ज्याच्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवली त्याच्या बाजूला कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले मी कोणालाही सांगत नाही, सरकार पक्षाच्या पुराव्यातील प्रत्येक उणीव न्यायालयापुढे मांडतो, पण आरोपी त्या रात्री दुसऱ्या गावी होता असे सांगणारा पढवलेला साक्षीदार मी उभा करत नाही. त्यामुळे काही अशील सोडून गेले. त्याची मला खंत नाही.

वनहक्काच्या दाव्यांत ही कसोटी फार लागते. २००६ च्या कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाचा जमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो आणि हक्क प्रत्यक्ष कसलेल्या क्षेत्रापुरता, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळतो. एक वृद्ध गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन माझ्याकडे आले होते. ज्या कागदांनी एके काळी त्यांना गुन्हेगार ठरवले, तेच कागद आता त्यांच्या ताब्याचा पुरावा झाले होते. त्या घडीच्या ठिकाणी विरलेल्या पावत्या मी टेबलावर एकेक करून उलगडल्या, तेव्हा माझे मन भरून आले. त्यांच्या मुलाचा आग्रह होता की, नाल्यापलीकडे अलीकडे काढलेला तुकडाही जुनाच म्हणून लिहावा आणि गावातल्या दोन वडीलधाऱ्यांचे तसे जबाब घ्यावेत. वडीलधाऱ्यांचा जबाब या कायद्यात पुरावा म्हणून चालतो, म्हणूनच तो खोटा असता कामा नये, असे मी त्याला समजावले. आपण आधी खरे तेवढे सांगू, मग त्या खऱ्यासाठी शेवटपर्यंत भांडू, हे मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडून बाईच बोलत होत्या.

कोंडाईबारी घाटातील अपघातांचे दावेही माझ्याकडे येतात. भरपाईत वकिलाचा टक्का ठरवण्यास नियमांनी मनाई आहेच, परंतु विधवेचे आणि अनाथाचे पैसे पवित्र शास्त्र आम्हांला ज्या दृष्टीने पाहायला शिकवते, त्या दृष्टीने तो विचार मनात येणेदेखील मला पाप वाटते. अल्पवयीन मुलांची रक्कम त्यांच्या नावे मुदत ठेवीत जाईपर्यंत मी त्या कुटुंबाचा पाठपुरावा सोडत नाही. जेथे दोन भाऊ बांधावरून भांडत आहेत तेथे मी लोकअदालत सुचवतो, कारण वाटेत आहात तोवरच वाद मिटवा असे प्रभूने सांगितले आहे, आणि तडजोडीचा निवाडा अंतिम असल्याने त्यावर अपिलांची रांगही लागत नाही.

मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा पडवीची कौले जाऊन स्लॅब आलेला दिसला. त्याचे वाईट वाटले नाही. पण संध्याकाळची एकत्र प्रार्थना आता परीक्षांच्या शिकवण्यांमुळे वारंवार रद्द होते, हे ऐकून वाईट वाटले. त्या अर्ध्या तासात बाई आमच्या दिवसभराच्या भांडणांचा निकाल लावत असत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट आपल्या वसतिगृहातील मुलांच्या पालकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. पालकसभेच्या दिवशी येऊन ती मावचीतून समजावून सांगण्याची माझी इच्छा आहे. मुख्याध्यापकांनी तारीख कळवावी, मी त्या दिवशी न्यायालयात तारीख घेणार नाही.