नकाशा लगेच मिळाला, त्याची माहिती मात्र कुणी देईना

ओढ्यांच्या शेपफाइल, म्हणजे संगणकावर उघडणाऱ्या नकाशाच्या फाइल, आम्हाला अर्ध्या दिवसात पेनड्राइव्हवर मिळाल्या. त्या कोणत्या साली केल्या, कशावरून गिरवल्या, कोणत्या डेटमवर (पृथ्वीचा कोणता आकार आणि आधार धरून मोजल्या) आहेत, एवढं सांगणारं एक पान, म्हणजे मेटाडेटा, मिळवायला अख्खा पावसाळा गेला. तो राग अजून उतरलेला नाही. नकाशांवर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहितेय.

आम्ही काही जण पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या पाणलोटाचा नकाशा करत होतो. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला पूर आला, माणसं गेली, घरं गेली. ओढ्याची मूळ वाट, आजची बांधकामं आणि जमिनीचा उतार हे तिन्ही एकावर एक ठेवून पाहायचं होतं. उताराचं आणि बांधकामांचं काम सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते ओढ्याच्या रेघेवर. ती बांधकामांवर ठेवली तर ओढा सरळ सोसायट्यांच्या छतांवरून वाहताना दिसायला लागला. फोल्डर उघडून पाहिलं तर डेटम आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) सांगणारी .पीआरजे फाइलच नव्हती. ती नसेल तर सॉफ्टवेअर रेघ काढून दाखवतं, पण जमिनीवर ती नेमकी कुठे पडते हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

मग फाइल देणाऱ्या कार्यालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. खिडकीवरच्या बाबूंनी आपुलकीने विचारलं, "ताई, नकाशा दिला ना तुम्हाला? आता अजून काय हवंय?" मी समजावलं. त्यांनी वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथले साहेब म्हणाले, "उघडतोय ना फाइल? मग बरोबरच असणार." तिथून संगणक कक्षात. तिथे सांगितलं की काम एजन्सीने केलं, एजन्सीचं कंत्राट संपलं, आता त्यांचं इथे कुणी नाही. मी म्हटलं, एजन्सी गेली पण नकाशा तर तुमचा आहे. त्यावर तुम्ही परवानग्या देता, नाला कुठे आहे ते ठरवता. त्यावर उत्तर आलं, "लेखी द्या."

लेखी दिलं. बरेच दिवस काही नाही. मग पत्र आलं की मागितलेली बाब या कार्यालयाशी संबंधित नाही. ज्या कार्यालयाने फाइल दिली, त्याच कार्यालयाच्या लेटरहेडवर!

माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र 'अ', महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. उत्तर: "सदर मेटाडेटा उपलब्ध नाही." कायद्याच्या भाषेत ते उत्तर चालतं, कारण कार्यालयाने आपल्यासाठी नवी माहिती तयार करून द्यावी असं कायदा सांगत नाही, जे दप्तरी आहे ते द्यावं, इतकंच. इथे अपिलात जायचा मोह होतो. जाऊ नका, महिने जातात. अर्जातला 'मेटाडेटा' काढून टाका आणि त्या कामाची निविदा, कार्यादेश, तांत्रिक परिशिष्ट आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल मागा. पैसे दिले गेले असतील तर हे कागद दप्तरी असतातच. सोबत अभिलेख पाहणीची मागणी जोडा. स्वतः फाइल चाळण्याला पर्याय नाही.

मला ते पान तसंच सापडलं. जाडजूड फाइलच्या शेवटी, देयकांच्या मागे, परिशिष्टात एक ओळ होती: टोपोशीट 47 एफ/14 व 47 एफ/15 वरून अंकीकरण. म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या या क्रमांकांच्या छापील नकाशांवरून रेघ गिरवून संगणकात घेतलेली. तिथेच उभी राहून मी मोठ्याने "मिळालं!" म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मान वर करून पाहिलं आणि झेरॉक्स कुठे मिळेल ते स्वतःहून सांगितलं. त्या इमारतीत इतक्या दिवसांत मला झालेली ती पहिली खरी मदत.

त्या एका ओळीने सगळं उलगडलं. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट 1830 या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावर, आणि बहुशंकू प्रक्षेपणात आहेत. आजचं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या वेगळ्या डेटमवर चालतं. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या ओपन सिरीज नकाशांना डब्ल्यूजीएस 84 आणि यूटीएम हे प्रक्षेपण ठरवून दिलं. पुणे त्यात 43 उत्तर विभागात येतं. जुन्या शीटवरची रेघ रूपांतर न करता नव्यावर ठेवली की पुण्यात ती शंभर मीटरहून जास्त सरकते. शंभर मीटर म्हणजे ओढ्याकाठची अख्खी वस्ती रेषेच्या या बाजूची त्या बाजूला. शिवाय 18 अंश 30 मिनिटांची अक्षांश रेषा पर्वतीच्या आसपासून जाते, म्हणजे शहर दोन शीटमध्ये विभागलं जातं, आणि जोडावरही रेघ तपासावी लागते.

कागद मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर एक खात्रीची चाचणी आहे. त्याच नकाशावरच्या जुन्या, न हललेल्या गोष्टी घ्या: पर्वतीचं देऊळ, संगमाजवळचा रेल्वे पूल. त्या जीपीएसशी ताडा. सगळ्या एकाच दिशेला आणि जवळपास सारख्याच अंतराने सरकलेल्या असतील तर दोष डेटमचा. कुठे इकडे, कुठे तिकडे असेल तर गिरवणाऱ्याचा हात चुकलाय, आणि त्याला रूपांतराचा उपाय नाही.

हे सगळं ज्याने टळावं ती व्यवस्था आपल्याकडे कागदावर कधीची आहे. राष्ट्रीय अवकाशीय माहिती पायाभूत व्यवस्थेला, म्हणजे एनएसडीआयला, 2006 मध्ये केंद्राने मान्यता दिली. प्रत्येक खात्याने आपल्याकडे कोणता नकाशा आहे, कधीचा, कोणत्या दर्जाचा, याची नोंद एका जागी ठेवायची, हा तिचा गाभा. 28 डिसेंबर 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने 2030 पर्यंत शहरं आणि गावं 5 ते 10 सेंटिमीटर तपशिलाने मोजायचं उद्दिष्ट ठेवलंय. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण 5 सेंटिमीटरचा नकाशाही .पीआरजेविना पेनड्राइव्हवर आला तर पुन्हा शंभर मीटर चुकणारच. अमेरिकेत एप्रिल 1994 च्या अध्यक्षीय आदेशाने, क्रमांक 12906, केंद्रीय खात्यांना दोन गोष्टी बांधून घातल्या: नऊ महिन्यांनंतर तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या नकाशा-माहितीची नोंद करायची आणि नवी माहिती गोळा करायला पैसे खर्च करण्याआधी ती आधीच कुणाकडे आहे का ते पाहायचं. आपल्याकडे ही अट थेट प्रत्येक कार्यादेशात हवी: मेटाडेटा नाही तर शेवटचा हप्ता नाही.

राहिलंच, फाइलमधली मराठी नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसली तर अक्षरं कोणत्या सांकेतिक पद्धतीत आहेत ते सांगणारी .सीपीजी फाइल आहे का ते आधी बघा. ती असूनही कचरा दिसत असेल तर मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला आहे, कन्व्हर्टर लागेल. आणि गावांची नावं जुळवत बसू नका, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या, म्हणजे एलजीडी, कोडने जोडा.

आम्ही ओढ्याच्या रेघेचं एक पानी टिपण मराठीत करून त्याच कार्यालयात दिलं आणि आवक क्रमांक घेतला. आता शहराच्या हद्दीत आलेल्या गावांचे गावनकाशे घ्यायचे आहेत. ते 33 फुटी, 16 आण्यांच्या (भागांच्या) साखळीने मोजलेले, एका इंचाला 20 साखळ्या, म्हणजे 1:7920, आणि त्यांवर अक्षांश-रेखांश मुळात नाहीतच. त्या अर्जाची पहिलीच मागणी अशी लिहिली आहे: मूळ मोजणीचं वर्ष, प्रमाण आणि नंतर अंकीकरण कशावरून केलं, हे नमूद असलेल्या कार्यादेशाची प्रत.