शंभर या आकड्याचे दोन अर्थ

नव्या संगणक प्रणालीचे मॉड्यूल, म्हणजे कोडचे स्वतंत्र भाग, पाडायला बसले की हात आपोआप फ्लोचार्टकडे, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या आकृतीकडे, वळतो: आधी माहिती वाचायची, मग तपासायची, मग हिशेब करायचा, शेवटी छापायचे, आणि प्रत्येक पायरीचे एक मॉड्यूल करायचे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालच्या आपल्या निबंधात नेमक्या याच सवयीवर बोट ठेवले होते. जे निर्णय अवघड आहेत किंवा पुढे बदलण्याची शक्यता आहे, त्यांची यादी आधी करावी आणि असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात दडवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही, असे त्यांचे म्हणणे.

हे मी वाचले होते. पटले मात्र बिलांच्या एका प्रणालीवर काम करताना. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, साठवू नये, कारण तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, एवढे आम्हाला ठाऊक होते, म्हणून आम्ही सगळ्या रकमा शंभराने गुणून पूर्णांकात ठेवल्या. पुढे इतर देशांची चलने आली. जपानी येनच्या व्यवहारात दशांश नसतात, कुवेती दिनारला तीन दशांश स्थळे लागतात, आणि आमचा शंभर तर कोडमध्ये चाळीसहून अधिक ठिकाणी विखुरलेला. सरसकट शोधून बदलण्याचीही सोय नव्हती, कारण त्यातले काही शंभर टक्केवारीचे होते आणि दिसायला दोन्ही सारखेच. एकेक ओळ वाचून कोणता शंभर कशाचा हे ठरवण्यात दोन आठवडे गेले.

शेवटी ‘रक्कम’ हा स्वतंत्र टाइप, म्हणजे कोडमधला माहितीचा वेगळा प्रकार, केला. सर्वांत लहान एककातला पूर्णांक आणि चलनाचा कोड एवढेच त्याच्या आत असते, आणि कोणत्या चलनाला किती दशांश हे आयएसओ ४२१७ या चलनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यावरून तोच ठरवतो. शंभराचे तीन समान हप्ते पाडताना उरलेला एक शतांश कोणत्या हप्त्यात घालायचा, हा किरकोळ वाटणारा पण ग्राहकांच्या तक्रारी ओढवणारा निर्णयही आता तिथेच आहे.

याचा अर्थ दिसेल त्या गोष्टीवर आवरण चढवावे असा नाही. ‘उद्या डेटाबेस बदलला तर’ म्हणून मी एकदा बाकीचा कोड आणि डेटाबेस यांच्यामध्ये अख्खा एक थर लिहिला होता. डेटाबेस बदलला नाही, पण प्रत्येक नवे फील्ड तीन जागी लिहिण्याची शिक्षा मात्र सगळ्या टीमला झाली.

आमच्या ‘रक्कम’ टाइपलाही एक भोक राहिलेच. अहवालांच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागणाऱ्या आज्ञा, ‘रक्कम’ला वगळून थेट टेबलमधून आकडा उचलून शंभराने भागत होत्या, आणि दिनारातील पहिल्याच बिलाची रक्कम मासिक अहवालात दहापट छापली गेली.