पहिलं इंजिन बँकरच घ्यायचं

शुक्रवार, रात्री

तळघरातल्या खोलीत मॉडेल रेल्वेचा घाट उभा करायचा, हे केव्हाच ठरलंय. भिंत चार मीटर लांब आहे. ३७ ला १ असा चढ धरला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ पावणेअकरा सेंटिमीटर वर जातो. खालच्या गाडीच्या डोक्यावरून वरचा रूळ न्यायला एवढी उंची पुरते. चढ याहून कमी ठेवला तर जागा पुरत नाही, आणि वाढवला तर तो आमचा घाट राहत नाही. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. इथल्या, स्वित्झर्लंडमधल्या, गॉटहार्डच्या जुन्या रेल्वेमार्गाचा चढही जवळपास तेवढाच, म्हणजे हजार मीटरला २७ मीटर.

कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली मी आता विंटरथूरला राहते. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, १९२८ च्या सुमारास घाटासाठी विजेची मालगाडीची इंजिनं मागवली, त्यातली पहिली दहा याच गावात, एसएलएम या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनली होती. तीच पुढची डब्ल्यूसीजी-१. लांब नाकाची, दोन्ही बाजूंना साइड रॉड, म्हणजे चाकांना जोडणारे दांडे, फिरणारी. रेल्वेची माणसं तिला खेकडा म्हणायची. गॉटहार्डवर धावलेली इथली क्रोकोडिल, सीई ६/८, ही तिची थोरली बहीण. तीही याच कारखान्याची, १९१९ ते १९२२ मधली. त्यामुळे पहिलं डिजिटल इंजिन क्रोकोडिलच असणार, हे मी मनात पक्कं धरलं होतं. आज बाबांशी बोलले आणि त्याचा फेरविचार सुरू झाला.

बाबा कर्जतला बँकरवर होते, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर. त्यांची उमेदीची वर्षं डब्ल्यूसीजी-२ वर गेली. खेकड्यावर त्यांनी काम केलं ते सुरुवातीला, असिस्टंट असताना, यार्डात. मी त्यांना क्रोकोडिलचे फोटो पाठवले होते. फोटो त्यांनी मोठे करून करून बघितले आणि फोन केला.

"छान आहे गं. पण मागून रेटा कोण देणार?"

"बाबा, मॉडेलला बँकर लागत नाही. चार डबे तर असणार."

"मग तो घाट कसला?"

पुढे त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता. एकाच रुळावर दोन इंजिनं उभी असतील तर पुढचं चालू आणि मागचं बंद, असं करता येतं का? जुन्या पद्धतीत येत नाही. तिथे रुळातच कमीजास्त व्होल्टेज सोडायचं असतं, त्यामुळे रुळावर जे जे उभं आहे ते सगळं एकदम सुटतं. डिजिटलमध्ये, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळात वीज कायम पूर्ण दाबाने असते आणि तिच्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात ते हुकूम ओळखणारा डिकोडर असतो आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. ३ नंबरला हुकूम दिला की ३ नंबरच हलतं. बँकर मागे येऊन लागतो, रेटा देतो, वर पोचल्यावर सुटतो आणि एकटा खाली उतरतो. हे सगळं एकाच रुळावर.

डिजिटल कशासाठी घ्यायचं, याचं इतकं सरळ उत्तर मला तोवर कोणी दिलं नव्हतं.

शनिवार, दुपारी

दुकानात जाऊन आले. त्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागली, दोन रुळी की तीन रुळी. मेर्कलिन या जर्मन कंपनीची गाडी दोन रुळांच्या मधोमध असलेल्या ठिपक्यांमधून वीज घेते, तीच तीन रुळी. रूळ काळे पडले तरी ती सहसा अडत नाही. मेर्कलिनने १९४७ मध्ये क्रोकोडिलचं मॉडेल काढलं तेव्हापासून हे इंजिन म्हणजे त्यांची ओळखच झालंय. तरी मी दोन रुळीवर थांबले. मधले ठिपके मला डोळ्यांना सहन होत नाहीत. घाटाचा रूळ दोनच पट्ट्यांचा दिसला पाहिजे. हे एकदा ठरवलं की पुढची सगळी खरेदी त्याच वाटेने जाते, म्हणून नवीन माणसाने इंजिन बघण्याआधी याचा निकाल लावून टाकावा.

दुकानदार बाईंनी दोन इंजिनं काचेबाहेर काढली. एक वापरलेली क्रोकोडिल. दुसरं आरई ४/४ मालिका दोन, हिरवं, चार धुऱ्यांचं. खरी आरई ४/४ १९६४ पासून पुढची वीसेक वर्षं बनत राहिली आणि गॉटहार्डवर सहा धुऱ्यांच्या आरई ६/६ शी जोडून तिने मालगाड्या चढवल्या. म्हणजे घाटाचं काम तिलाही नवं नाही.

मी बाईंना आवाज बंद करून दोन्ही इंजिनं अगदी खालच्या पायरीवर चालवायला सांगितली. डीसीसीत वेगाच्या १२८ पर्यंत पायऱ्या मिळतात, आणि इंजिनाची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच होते. क्रोकोडिलचे साइड रॉड हलले तेव्हा मी रुळाच्या पातळीला डोळे नेऊन बघत राहिले. रॉड वर येतो, पुढे झुकतो, खाली जातो, आणि दर फेऱ्यात एका ठिकाणी, सरळ रेषेत आला की, केसभर अडतो. मग सुटतो. वरच्या वेगाला हे कळणारही नाही. जुनं यंत्र आहे, साफसफाई आणि थेंबभर तेलाने ते सुटेलही. पण बँकरचा रेटा एकसारखा हवा. दर फेऱ्याला अडखळणारं इंजिन मागे लावलं तर वळणावर मधला डबा उचलला जाणार.

आरई ४/४ पहिल्या पायरीवर अशी निघाली की निघाली कधी ते कळलं नाही. मोटरवर दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, म्हणजे गती एकसारखी ठेवणारी जड चाकं, आहेत. उलटी करून पाहिली. आठपैकी दोन चाकांना रबर आहे, बाकीची सहा वीज उचलतात. रबर नसेल तर चढावर चाकं घसरतात, आणि जास्त चाकांना असेल तर वीज घ्यायला चाकं उरत नाहीत. मला हे प्रमाण योग्य वाटलं. आत २१ पिनांचं सॉकेट आहे, त्यामुळे उद्या आवाजाचा डिकोडर बसवायचा झाला तर जुना काढून नवा लावायचा, डाग द्यायची गरज नाही.

खोक्यावर 'डीसीसी रेडी' लिहिलेलं असतं त्याकडे नीट बघावं. त्याचा अर्थ फक्त सॉकेट आहे, डिकोडर वेगळा घ्यायचा. मला दाखवलेल्या इंजिनात तो होता, मी झाकण काढायला लावून खात्री केली.

शनिवार, रात्री

ठरलं. हिरवी आरई ४/४, आवाजाशिवाय. तीच माझा बँकर. क्रोकोडिल नंतर, सावकाश, चांगली मिळेल तेव्हा.

आधी गाडीच्या पुढचं इंजिन आणि मग बँकर, हा क्रम सगळ्यांच्या डोक्यात असतो. माझ्याही होता. पण पहिलं डिजिटल इंजिन हे शिकायचं इंजिन असतं. त्याचं झाकण दहा वेळा उघडायचं, त्याच्या सीव्ही, म्हणजे डिकोडरमधल्या नंबर दिलेल्या सेटिंग्ज, बदलून बघायच्या, बिघडलं की सीव्ही ८ मध्ये ८ लिहून बऱ्याचशा डिकोडरना मूळ स्थितीत आणायचं. हे सगळं साइड रॉडच्या नाजूक यंत्रावर करायला माझा जीव होणार नाही. आवाजाचंही तेच. खेकड्याचा आवाज मला रेकॉर्डिंगमधून घेऊन डिकोडरमध्ये भरायचाय. तो क्रोकोडिलच्या वाट्याचा आहे, तिथेच शोभेल.

बाबांना सांगितलं. ते खूश झाले, पण लगेच कामाला लागले. "दोन्हींचा वेग सारखा कसा ठेवणार? मागचं जास्त जोरात असलं तर गाडी दुमडेल."

हे मी वाचून ठेवलंय. चढ लागला की डिकोडर मोटरचं उलट व्होल्टेज मोजून आपोआप जास्त जोर लावतो. एकट्या इंजिनाला हे वरदान आहे. पण दोन इंजिनं एका गाडीला लागली आणि दोघंही आपलाच वेग पकडून बसली तर एकमेकांशी भांडतात. म्हणून आधी दोघांचे वेग जुळवायचे, सीव्ही २ ने सुरुवात, ६ ने मधला, ५ ने सगळ्यात वरचा. तरी ओढाताण राहिली तर मागच्याची ती जोर लावण्याची सवय थोडी कमी करायची. मग सीव्ही १९ मध्ये दोघांना एकच पत्ता दिला की एका बटणावर दोन्ही चालतात. घाट संपला की तो पत्ता पुसायचा, बँकर मोकळा.

"आमच्या वेळी हे सगळं शिट्टीवर चालायचं," बाबा म्हणाले, आणि मग पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंत कुठे किती रेटा लागायचा ते सांगत बसले. मी वही घेऊन लिहून घेतलं. मंकी हिलच्या आधी ते हात जरा आखडता घ्यायचे, असं म्हणाले. माझ्या चार मीटरमध्ये मंकी हिल कुठे येईल ते उद्या भिंतीवर पेन्सिलीने आखते.

सोमवारी इंजिन आणायचं. आल्यावर आधी पत्ता बदलायचा. नवं इंजिन ३ नंबर घेऊनच येतं, आणि क्रोकोडिलही तोच नंबर घेऊन येईल. बाबांचा आग्रह आहे की बँकरला २ नंबर द्यावा, कारण मागचं इंजिन नेहमी दुसरंच. तसंच करते.